पट ५८, पदे दोन : एका जिल्हा परिषद शाळेतल्या दोन तक्रारी

प्रकरणातली शाळा नमुन्याची आहे. गाव, मुले, पालक आणि शाळेचे आकडे एका ठिकाणचे नाहीत. अशा शाळांतून वारंवार दिसणाऱ्या गोष्टी जुळवून एक प्रसंग उभा केला आहे. कायद्याची कलमे, शासकीय निकष आणि परीक्षांचे नियम मात्र प्रत्यक्षातले आहेत.

परिस्थिती

पहिली ते पाचवीची जिल्हा परिषद शाळा. मराठवाड्यातले कोरडवाहू गाव, दिवाळी झाली की निम्मी घरे ऊसतोडीला जाणारी. गेल्या वर्षापर्यंत इथे तीन शिक्षक होते, या जूनला शाळा उघडली तेव्हा दोन. दोघांपैकी मॅडमकडे पहिली-दुसरी. सरांकडे तिसरी, चौथी, पाचवी आणि वर मुख्याध्यापकपदाचा कार्यभार. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) अनुसूचीत प्राथमिक शाळेला वेगळा मुख्याध्यापक १५० च्या वर पट, म्हणजे विद्यार्थीसंख्या, असेल तरच आहे. त्यामुळे पोषण आहाराचा हिशेब, युडायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीची) माहिती, केंद्रावरच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठका आणि संध्याकाळी पाचच्या आत भरायच्या लिंका, हे सगळे शिकवणाऱ्या माणसाच्याच गळ्यात.

जुलैत शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दोन पालक उठले. पहिले, पाचवीतल्या मुलाचे वडील. गावात किराणा दुकान, मुलाचे गणित फार पुढचे. त्यांचे म्हणणे असे की पोराला वर्गात काम काय, तर तिसरीच्या पोरांचे पाढे घ्यायचे आणि फळ्यावर बेरजा तपासायच्या. "पोरगं शिकायला पाठवलं का मास्तर व्हायला?" शाळा सुटल्यावर सरांनी शिष्यवृत्ती आणि नवोदय (केंद्र सरकारच्या निवासी शाळा) या परीक्षांचा जादा तास घ्यावा, हवे तर महिन्याचे पैसे देतो, ही त्यांची मागणी.

दुसरी, तिसरीतल्या मुलीची आई, रोजंदारीवर जाणारी. मुलगी आठ वर्षे पूर्ण झालेली, तोंडी हिशेबात चलाख, पण वाचन जवळपास नाही. "सर म्हणतात घरी सराव घ्या. घरी कोण घेणार? मला सही येती तेवढीच." तिला जादा तास पटत नव्हता: ज्यांना येते त्यांनाच आणखी शिकवणार, आणि ज्यांना येत नाही त्यांचे काय?

बैठक दोघांच्या भांडणात संपली. सर दोन्हीकडून बोलणी खाऊन गप्प बसले. इतिवृत्तात ओळ लिहिली गेली ती "शैक्षणिक गुणवत्तेबाबत चर्चा झाली". अशा ओळीचा पुढे कुठल्याच टेबलावर उपयोग होत नाही, हे लवकरच कळले.

वेळेचा हिशेब

दोन्ही पालकांना वाटत होते की प्रश्न सरांच्या लक्ष देण्याचा आहे. आकडे वेगळे बोलतात.

आरटीईत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन आहे. दिवसाला चार तास, म्हणजे २४० मिनिटे. सरांकडे तीन इयत्ता, म्हणून एका इयत्तेला ८० मिनिटे. त्यात मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास. तिसरी इयत्ता समोर असते तेव्हा चौथी-पाचवीला लेखी काम लावून द्यायचे, आणि ते तपासायला माणूस हवा, म्हणून हुशार पोरगा उभा. दुकानदाराचा मुलगा 'मास्तर' झाला तो असा. दोनशिक्षकी शाळेत वेगाने शिकणारे मूल हेच तिसरे पद असते, फक्त बिनपगारी.

दोघांपैकी एक जण प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा रजेवर गेला की २४० भागिले पाच : इयत्तेला ४८ मिनिटे. इथे पालक कलम २७ पुढे करतात, की शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. पण त्याच कलमात दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना सूट आहे. मतदार यादीच्या कामाला सर गेले म्हणून कलम २७ ची तक्रार केली तर ती पहिल्याच टेबलावर पडते.

पद गेले कसे

शिक्षक कमी आहेत, ही तक्रार म्हणून अपुरी आहे. कमी तीन तऱ्हांनी असतात. पद मंजूरच नाही. किंवा मंजूर आहे पण रिक्त. किंवा मंजूर आणि भरलेले आहे, पण माणूस प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे. पहिल्याचा उपाय संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदे ठरवण्यात, आहे. दुसऱ्याचा बदल्या, समायोजन आणि पवित्र पोर्टलवरून होणाऱ्या भरतीत. कायदाही सांगतो की कुठल्याही शाळेत रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत (कलम २६). तिसऱ्याचा उपाय गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या एका आदेशात. गाव कुठल्या तऱ्हेत बसते हे पाहिल्याशिवाय दिलेले निवेदन "वरिष्ठांकडे मार्गदर्शनार्थ" जाते आणि तिथेच राहते.

संच मान्यतेची प्रत शाळेच्या लॉगिनवर असते आणि समितीच्या सदस्यांना ती पाहता येते. न दाखवल्यास माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, हे विसरले की अर्ज परत येण्याची सोय होते. मागायचे एवढेच : मागील दोन वर्षांची संच मान्यता, मंजूर-कार्यरत-रिक्त पदांचा तक्ता, आणि या काळात शाळेतून काढलेल्या प्रतिनियुक्तीच्या आदेशांच्या प्रती.

या शाळेत मंजूर दोन, कार्यरत दोन, रिक्त शून्य. कागदावर तक्रारच नाही.

आरटीईच्या अनुसूचीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. गेल्या वर्षी ३० सप्टेंबरला जनरल रजिस्टरवर पट ६४ होता. पण संच मान्यता होते ती ऑनलाइन नोंद झालेल्या आणि आधार जुळलेल्या पटावर, आणि तो निघाला ५८. सहा मुले वर्गात बसत होती, खिचडी खात होती, पण शिक्षक मोजताना नव्हती. दोघांची आधारवरची नावे रजिस्टरपेक्षा वेगळी. दोघांच्या जन्मतारखा जुळत नव्हत्या. एक मूल साखर कारखान्याच्या तळावर जन्मलेले, जन्माचा दाखलाच नाही म्हणून आधार नाही. सहावे मूल बदलून आलेले, पण जुन्या शाळेने त्याची ऑनलाइन नोंद सोडलीच नव्हती. तिसरे पद उडाले, तिसरे शिक्षक अतिरिक्त ठरले आणि उन्हाळ्यात त्यांचे दुसऱ्या शाळेवर समायोजन झाले.

आधार नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यामुळे कुणी घाईच करत नाही. खरी शिक्षा मुलाला नाही, सगळ्या शाळेला होते, आणि तीही आठ-नऊ महिन्यांनी, तेव्हा कारणाचा माग कुणाच्या लक्षात राहिलेला नसतो.

या सहांचे काम जुलै-ऑगस्टमध्ये उरकते. नावातला फरक असेल तर जनरल रजिस्टरला हात लावण्यापेक्षा आधार दुरुस्त करणे सोपे. रजिस्टरमधला बदल मंजुरीशिवाय होत नाही. जन्मतारखेला ग्रामपंचायतीचा जन्म दाखला आधी काढावा लागतो. दाखलाच नसलेल्या मुलाच्या उशिरा नोंदणीला महिने लागतात, म्हणून ते पहिले हाती घ्यायचे. नोंद न सोडणाऱ्या जुन्या शाळेला फोन पुरत नाही. केंद्रप्रमुखांमार्फत लेखी मागणी गेली की नोंद सुटते.

तिसरीतली मुलगी

आता मूळ तक्रारीकडे. मुलगी वाचत नाही म्हणजे नेमके काय करते, हे कुणी लिहून ठेवले नव्हते. सरांच्या नोंदीत फक्त "अप्रगत". ते वही उघडून पाहिल्यावर बरेच कळले. कमळ लिहिताना 'कळम'. शक्ती लिहिताना 'शकती', जोडाक्षर दिसले की सुटे. घ आणि ध, भ आणि म यांची सर्रास अदलाबदल; मात्रा निम्म्या वेळा गायब. धडा वाचताना चित्र बघून अंदाजाने वाक्य म्हणायची : चित्रात पोपट असेल तर "पोपट पेरू खातो", खाली काहीही छापलेले असो. फळ्यावरचे मात्र वळणदार उतरवून घ्यायची, आणि उतरवलेले वाचून दाखव म्हटले की गप्प. तोंडी विचारले, "३७ आणि २५?" तर लगेच "बासष्ट". तेच गणित शाब्दिक उदाहरण म्हणून छापील दिले की कोरे पान.

तोंडी आणि लेखी यातली एवढी दरी हीच खूण. पण लगेच 'डिस्लेक्सिया' (वाचनातली अध्ययन अक्षमता) म्हणायचे नाही. आधी डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर तपासणी पुढच्या वर्षावर जाते. या मुलीचे तेच झाले होते. तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवले, डोळ्याला थोडा नंबर निघाला, चष्मा मिळाला, वाचनात फारसा फरक नाही. दुसरी तपासायची गोष्ट हजेरी. वर्षातले चार-पाच महिने फडावर गेलेल्या मुलाला वाचता येत नाही ते शिकवले न गेल्यामुळे; त्याला अध्ययन अक्षमता म्हणता येत नाही. ही मुलगी मात्र दोन वर्षे आजीजवळ गावातच होती, हजेरी चांगली.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखणे आणि त्याप्रमाणे शिकवण्याचे उपाय करणे ही शिक्षणसंस्थेची जबाबदारी आहे. "आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू" हे उत्तर या कलमात बसत नाही. प्रमाणपत्र लागते ते पुढच्या सवलतींसाठी, उदाहरणार्थ बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक. आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट या कायद्यातल्या लक्षणीय दिव्यांगत्वाच्या हक्कांसाठी आहे. प्रमाणपत्राचा मार्ग वेगळा चालू ठेवायचा : स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, जिल्हा रुग्णालयात बुद्ध्यांक चाचणी आणि शैक्षणिक चाचण्या. वयाची आठ वर्षे पूर्ण होण्याआधी ते मिळत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवतात आणि तारीख लांबते. मजुरी बुडवून दोन-तीन फेऱ्या होणार हे आईला आधीच सांगितलेले बरे. पहिल्या फेरीत काम होईल म्हणून नेले आणि झाले नाही, तर दुसऱ्यांदा ती जात नाही.

आईची अडचण वेगळीच होती. "पोरीला अपंग म्हणून लिहू नका, लग्नाला आडवं येईल." ही भीती हसण्यावारी नेली की पुढचे सगळे अडते. तिला दाखवावे लागले की युडायसमधली नोंद शाळेच्या लॉगिनमध्ये राहते आणि दरवर्षी बदलता येते. ती भिंतीवर लावत नाहीत. नोंद नाही तर मूल विशेष शिक्षकाच्या (दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकाच्या) यादीत येत नाही, आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेत अशा मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची जी तरतूद आहे (पैसे पालकांच्या हातात येत नाहीत; साहित्य, उपकरणे, उपचार, शिबिरे यांवर जातात) तीही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मुलींसाठीचा दरमहा २०० रुपयांचा दहा महिन्यांचा भत्ताही याच नोंदीवर चालतो.

विशेष शिक्षक : कागदावर आणि वर्गात

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक असे घालून दिले. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने आरटीईच्या अनुसूचीतच प्राथमिक आणि उच्च प्राथमिकसाठी हे प्रमाण आणले. महाराष्ट्रात हे काम वर्षानुवर्षे कंत्राटी विशेष शिक्षकांवर चालले. २०२४ मध्ये राज्याने ४,८६० पदे निर्माण करायचे ठरवले, दर केंद्राला एक. यातली मेख नीट बघा. न्यायालयाचे प्रमाण मुलांवर आहे, राज्याची पदे केंद्रांवर. केंद्रात नोंदवलेली मुले ८ असोत की ३८, पद एकच.

आपल्या केंद्रात १२ शाळा धरू. विशेष शिक्षिका आठवड्याचे चार दिवस शाळांवर आणि एक दिवस शिबिरे, अहवाल, घरी शिक्षण घेणारी मुले यांसाठी. ४० आठवड्यांत १६० भेटी, भागिले १२ : एका शाळेला वर्षात १३. दर भेटीला मुलीला एक तास मिळाला तरी वर्षाचे १३ तास. वाचनाची गाडी त्यावर रुळावर येत नाही. म्हणून भेटीत मुलीला शिकवत बसू नये. भेट वर्गशिक्षकाला आराखडा करून देण्यासाठी आणि मागच्या तीन आठवड्यांची नोंद तपासण्यासाठी वापरावी. बऱ्याच ठिकाणी हे उलटे होते : बाई येतात, मुलीला व्हरांड्यात घेऊन बसतात, पाऊण तास छान जातो, सर तेवढ्यात चौथीचा धडा उरकतात, आणि पुढच्या भेटीपर्यंत सगळे थंड.

इथे सप्टेंबरमध्ये वैयक्तिक शिक्षण आराखडा एका पानावर उतरला. सुरुवातीची नोंद : जोडाक्षरविरहित शब्दांच्या चिठ्ठीतले एका मिनिटात ७ शब्द बरोबर. उद्दिष्ट : १२ आठवड्यांत २०. वेळ : सोमवार ते गुरुवार, मधल्या सुट्टीनंतर १५ मिनिटे, चौथी-पाचवी लेखी गणित करत असताना. सुरुवातीला क, म, ल, र, प आणि काना एवढेच. ताटात रवा पसरून बोटाने अक्षर काढायचे आणि काढतानाच आवाज म्हणायचा. दहापैकी नऊ शब्द बरोबर आल्याशिवाय नवे अक्षर नाही. घ आणि ध एकाच आठवड्यात आणायचे नाहीत. दोन्ही शेजारी लिहून "बघ, हा वेगळा आणि हा वेगळा" असे शिकवले की गोंधळ पक्का होतो. वाचताना पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापून ती पानावर सरकवायची. शाब्दिक उदाहरणे तिला वाचून दाखवायची, उत्तर तोंडी घ्यायचे.

रोज एक पान शुद्धलेखन बंद केले. पालकांना ते फार खटकले, कारण अभ्यास झाल्याचा तोच पुरावा वाटतो. पण ही मुलगी अक्षराचा आकार उतरवत होती, आवाज नाही. असे शंभर पानांचे लेखन केले तरी वाचन जागचे हलत नाही.

डिसेंबरच्या मध्याला नोंद १६ शब्दांची होती. मग सर प्रशिक्षणाला गेले, तीन आठवडे १५ मिनिटे झालीच नाहीत, जानेवारीत १३. या दोन आकड्यांना पुढच्या तक्रारअर्जात जे वजन आले ते "मुलीकडे दुर्लक्ष होते" या वाक्याला कधीच आले नसते.

पाचवीतला मुलगा

या मुलाच्या बाजूने कायदा जवळपास नाही. दिव्यांग मुलासाठी कलमे आहेत, आयुक्त आहेत, प्रमाण ठरलेले आहे. हुशार मुलासाठी आरटीईच्या कलम २९ मधला मुलाच्या क्षमता आणि प्रतिभा फुलवण्याचा उल्लेख, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधल्या सूचना; दोन्हींवर कुणाला जबाबदार धरता येत नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून या क्षेत्रात काम करते, शासकीय विद्यानिकेतने ग्रामीण हुशार मुलांसाठीच निघाली. पण गावातल्या दुकानदारापुढे प्रत्यक्षात दोनच वाटा असतात, शिष्यवृत्ती आणि नवोदय.

पैसे घेऊन जादा तास हा मार्ग आधी बंद करावा लागला. कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. सरांनी ते पैसे घेतले असते तर पुढच्या भांडणात तेच त्यांच्यावर उलटले असते.

शिष्यवृत्तीचे प्रश्न सरावाने सुटतात आणि त्यात गैर काही नाही. पाचवीला दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास : पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या आत. हा वेगाचा खेळ आहे. मुलाच्या खऱ्या भुकेशी त्याचा संबंध थोडाच. त्या भुकेसाठी गणिताचा घटक सुरू होण्याआधी त्याच घटकावरचे दहा प्रश्न द्यायचे. आठ किंवा जास्त बरोबर आले तर त्या घटकाचा सराव माफ, आणि त्या वेळात वेगळे काम. बालभारतीची सहावी-सातवीची गणिताची पुस्तके ऑनलाइन फुकट मिळतात. किंवा असा एखादा प्रश्न : १ ते १०० संख्या लिहिताना ९ हा अंक किती वेळा येतो? मुलाने १९ सांगितले (९९ मध्ये दोन आहेत हे निसटले), मग मोजून २० काढले. "आता १ ते १०००, पण मोजायचे नाही." त्यावर तो दोन दिवस अडला आणि एककाचे शंभर, दशकाचे शंभर, शतकाचे शंभर असे ३०० घेऊन आला. फळ्यावर बेरजा तपासण्यात त्याचे वर्ष गेले असते तर हा पोरगा असा विचार करतो हे कुणाला दिसलेच नसते.

हे बिघडते कुठे? पुस्तक हातात देऊन कोपऱ्यात बसवले की दोन-तीन आठवड्यांत मूल थांबते. शुक्रवारी दहा मिनिटे सरांनी "हे कसे काढलेस ते सांग" एवढे विचारणे हा या योजनेचा आवश्यक खर्च आहे. आणि 'मास्तरकी' पूर्ण बंद करायचीही गरज नाही. दिवसाला दहा मिनिटे मर्यादा घातली तरी पुरे. समजावून सांगताना त्याचेही पक्के होते.

अर्जांच्या बाबतीत मात्र शाळेवर विसंबून राहू नये. शिष्यवृत्तीचा अर्ज शाळेच्या लॉगिनमधून जातो, पालकाला परस्पर भरता येत नाही. प्रभारी मुख्याध्यापकाकडून तारीख चुकली की वर्ष गेले. नवोदयचा अर्ज पालक भरतात, पण मुख्याध्यापकाच्या सहीचे प्रमाणपत्र लागते. मूल त्याच जिल्ह्यात पाचवीत हवे, आणि ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण केलेली हवी. शिवाय शिष्यवृत्ती २०१६-१७ पासून चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला गेली आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचे ठरवले, त्यामुळे धाकट्या भावंडाची तयारी कुठल्या वर्षी करायची हे चालू अधिसूचना बघूनच ठरवावे.

टाळे

ऑगस्टमध्ये गावाने शाळेला टाळे ठोकले. दुसऱ्या दिवशी विस्तार अधिकारी आले, तिसऱ्या दिवशी शेजारच्या ३८ पटाच्या शाळेतून एक शिक्षक तात्पुरत्या व्यवस्थेवर आला. ती शाळा एकशिक्षकी झाली. सहा आठवड्यांनी त्या गावाने आपल्या शाळेला टाळे ठोकले, आणि शिक्षक परत गेला. तालुक्यात शिक्षकांची संख्या तेवढीच राहते, फक्त टाळे फिरते. जिल्हा परिषदेच्या दारात पोरे नेऊन शाळा भरवली की बातमी होते, कधी पद रिक्त असेल तर माणूसही लवकर मिळतो. पण मंजूर पदच नसेल तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्याही हातात तात्पुरत्या व्यवस्थेपलीकडे फारसे काही नसते.

लेखी मार्ग संथ आहे, पण तारखेला बांधलेला आहे. आरटीईच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार दिली की तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. मुलीच्या बाबतीत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाचाही दरवाजा आहे. कायद्याने राज्य आयुक्तांना साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे अशा कामांत दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. समितीचा ठराव ही या सगळ्याची पहिली पायरी. समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असायला हव्यात, तेव्हा ठराव करायला कुणाची परवानगी लागत नाही.

ऑक्टोबरच्या ठरावात दोन्ही पालकांनी एकत्र सही केली, कारण वेळेचा तक्ता समोर ठेवल्यावर दोघांनाही कळले की भांडण एकाच ८० मिनिटांवरून आहे. मागण्या मोजक्या ठेवल्या. विशेष शिक्षिकेच्या भेटीचा ठरलेला वार आणि भेटीची लेखी नोंद. सर प्रशिक्षणाला जातील त्या काळात केंद्रातून बदली शिक्षक, नावासह. आणि केंद्रातल्या नोंदवलेल्या दिव्यांग मुलांची संख्या आणि १० ला एक या प्रमाणात किती शिक्षक हवेत, याचा खुलासा. तिसरे पद मागितले नाही. ते का, हे दुकानदाराला पटायला वेळ लागला.

या वर्षी ३० सप्टेंबरला रजिस्टरवर पट ६३ होता आणि आधारच्या सहापैकी चार अडचणी सुटल्या, म्हणजे जुळलेला पट ६१. गेल्या वर्षी एवढा असता तर पद टिकले असते. पण १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर असलेले पद टिकवण्याचा पट वेगळा आणि गेलेले पद नव्याने मिळवण्याचा पट त्याहून जास्त. ६१ वर दोनच मिळतात.

मार्चअखेरची स्थिती अशी. विशेष शिक्षिकेचा दर तिसऱ्या आठवड्याचा मंगळवार ठरला आणि तीनपैकी दोन मंगळवारी त्या आल्या. बदली शिक्षक एकदा मिळाला, एकदा नाही. तिसऱ्या प्रश्नाला लेखी उत्तर आलेले नाही; तीन महिने उलटल्यामुळे आयोगाकडचा अर्ज तयार आहे. मुलीची जिल्हा रुग्णालयातली तारीख एप्रिलची, शब्द १९. मुलाच्या दोन्ही परीक्षा देऊन झाल्या.

जूनमध्ये पाचवीची १३ मुले जातील, अंगणवाडीतून ११ यायची आहेत. ६३ उणे १३ अधिक ११, म्हणजे ६१, आणि त्या अकरांपैकी दोघांच्या घरी इंग्रजी शाळेच्या बसची चौकशी चालू आहे. त्यातले एक घर दुकानदाराचे.